गिटारीवरची गळती

इंद्रभान टेशनवर पॉइंट्समन होता, म्हणजे रुळांचे खटके ओढायचा. बौद्धपुऱ्यात पगारी माणूस तो एकटाच. त्यामुळे त्याच्या चुलीवर काय शिजतं याकडे सगळ्या पुऱ्याचं नाक लागलेलं असायचं. तशात त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याच्या घरी एक लांब, काळी, कुलूप नसलेली पेटी आली आणि नाकांबरोबर डोळेही लागले.

पेटीत गिटार होती. ती परेरा गार्डाची. परेरा मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून गिटार वाजवायचा. वाशीमच्या अलीकडे आमच्या बोरखेडीच्या टेशनवर क्रॉसिंगसाठी गाडी पडून राहिली की इंद्रभान हिरवी झेंडी काखेत मारून त्याच्यासमोर उकिडवा बसायचा. बसता बसता शिकला. परेराची बोटं संधिवातानं वाकडी झाली, पेन्शनीत निघायची वेळ आली, तेव्हा त्यानं पेटी इंद्रभानच्या हवाली केली. सोबत एक गुलाबी साबणदाणी दिली, तापल्या सुईनं भोकं पाडलेली, आत घोसाळ्याची वाळलेली जाळी.

"देख इंद्रभान," परेरा म्हणाला, "लकड़ी को प्यास लगती है. तुम्हारे इधर की गर्मी में ये तड़क जाएगी. रोज़ ये जाली भिगोने का, निचोड़ने का, साबुनदानी में डालके पेटी में रखने का. लकड़ी को पानी नहीं लगना चाहिए. प्यास बुझाने का, नहलाने का नहीं."

इंद्रभाननं मान डोलावली. प्यास त्याला समजली. नहलाना समजलं की नाही हे पुढे कळणार होतं.

त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. वैशाखी पौर्णिमेला विहारासमोर स्वतः जुळवलेलं गाणं गिटारीवर म्हणायचं. यामागे हौस होती, पण नुसती हौस नव्हती. छप्पन साली पुऱ्यानं धम्म घेतला आणि गावाच्या लग्नात डफडं वाजवणं सोडलं. गावाला ते अजून पचलं नव्हतं. लग्नसराई आली की कोणी ना कोणी टेशनावर येऊन दात कोरत विचारायचा, "काय इंद्रभान, डफडं कुठं टांगलं? हात शिवशिवत नाही का?" जणू या लोकांचे हात देवानं गावाच्या वराती वाजवायलाच घडवले होते. इंद्रभानला त्यांना हातानंच उत्तर द्यायचं होतं. सहा तारांचं.

पण वऱ्हाडचा उन्हाळा कोणाचं गाणं ऐकून थांबत नाही. आधीच पाऊस दगा देऊन गेला होता. पुऱ्यातल्या विहिरीत चिखल उरला होता, तोही बेडकांनी वाटून घेतलेला. गावच्या विहिरीवर पुऱ्यातल्या बाया घागरी खाली ठेवून उभ्या राहत आणि कोणी तरी मेहेरबान वरून पाणी ओतायचा. कायदा दिल्लीत होता, दोर पाटलाच्या हातात होता. टेशनावर इंजिनाच्या पाण्याचा नळ होता, तिथून इंद्रभान रोज एक डबा आणायचा. त्यातलं कपभर पाणी गिटारीचं.

ते कपभर पाणी त्याची बायको वच्छला रोज डोळ्यांनी मोजायची.

"लेकराच्या तोंडचं पाणी लाकडाले पाजता," ती म्हणायची. "उद्या पाटाले पाजा, परवा उखळाले पाजा."

"तुले नाई समजत वच्छला. ते जित्तं लाकूड हाय."

"मंग त्याले खायले पण घाला. मी मेलं लाकूड हाय ना!"

इंद्रभान हसायचा आणि गिटारीपाशी जायचा. आधी हात धुवायचा, कारण घामानं तारा गंजतात. मग पेटी उघडायची, जाळी ओली करायची, पिळायची, साबणदाणी पेटीत गिटारीच्या मानेखालच्या छोट्या कप्प्याशेजारी ठेवायची, झाकण लावायचं, वरून सुतळी बांधायची. आणि हे सगळं करताना तो तिच्याशी बोलायचा. "पी माय, पी. अजून पंधरवडा कळ काढ."

पेटी ठेवायला घरात थंड जागा एकच होती, आतल्या खोलीचा उगवतीचा कोपरा. त्या कोपऱ्यात छप्पन सालापर्यंत त्याच्या बापाचे देव बसायचे. इंद्रभानच्या ते ध्यानातही नव्हतं. पुऱ्याच्या ध्यानात होतं.

विशेषतः शेजारच्या भागिरथाबाईच्या. भागिरथाबाई विधवा, जिभेची तिखट आणि दोन्ही घरांमधल्या कुडाला असलेल्या भोकाची एकमेव मालकीण. एकदा ती मीठ मागायला आली आणि जाता जाता पेटीवर हात टेकवून वाकली. इंद्रभान आतून ओरडला, "शिवू नको!"

शब्द तोंडातून गेला.

तो शब्द पुऱ्यात कोणी उच्चारत नसे. आजवर तो वरून खाली यायचा, ओतलेल्या पाण्यासारखा. विहिरीवर ऐकायचा, हाटेलात ऐकायचा, देवळाच्या पायरीवर ऐकायचा. आपल्याच माणसानं आपल्याच बाईला तो म्हणावा, हे भागिरथाबाईनं साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं मिठाची वाटी तिथंच पालथी केली.

"बामन झाला का रे इंद्रभान्या? कधी झाला? मुंज कुठं लावली?"

"तसं नाई भागिरथामाय, हाताचा घाम..."

"घाम! खडी फोडून आली मी. घाम नाई येईन तर का अत्तर येईन?"

ती गेली आणि कुडाच्या भोकाला डोळा लावून बसली. आता तिला कारण होतं.

तशात ऊन आणखी चढलं. एका दुपारी इंद्रभान जेवत असताना घरात 'कट्' असा आवाज झाला. तो भाकरीचा घास तोंडात ठेवून पेटीकडे धावला. तडकली होती ती दाराची चौकट. पण त्याचं काळीज तडकायचं ते तडकलंच. सकाळी भिजवलेली जाळी दुपारपर्यंत कुरकुरीत होत होती, आणि तो असायचा डूटीवर. आपण नसताना गिटारीला पाणी कोण पाजणार?

उत्तर त्याला रस्त्यात सापडलं. गावातल्या महादेवाच्या देवळात, उन्हाळ्यात देवाला गारवा म्हणून पिंडीवर गळती टांगतात. मडक्याला खाली बारीक भोक, त्यात वात, थेंब थेंब पाणी. आत जायची बंदीच होती, पण रस्त्यावरून दिसत होतं. दगडाला चोवीस तास पाणी आणि माणसाला घागरभर नाही, हे पाहून एरवी इंद्रभान थुंकला असता. त्या दिवशी तो थांबला आणि बघत राहिला. देव सोडला होता, पण युक्ती काही देवाच्या बापाची नव्हती.

घरी येऊन त्यानं पेटीवर गोणपाट पसरलं, आढ्याला मडकं टांगलं, भोकात वात खुपसली. टप्. टप्. गोणपाट भिजायला लागलं. इंद्रभान खूश, आता पौर्णिमेपर्यंत पेटी उघडायचंही काम नव्हतं. परेरानं 'नहलाने का नहीं' म्हटलं होतं, पण आपण लाकडाला कुठं नहलावतो, आपण गोणपाटाला नहलावतो, अशी त्यानं आपली समजूत घातली. शहाण्या माणसाची समजूत घालायला दुसरं कोणी लागत नाही.

कुडाच्या भोकातून भागिरथाबाईला हे दिसलं: देवाचा कोपरा. त्यात काळी वस्तू. तिच्यावर टांगलेली गळती. आणि समोर हात धुऊन, मान वाकवून बसलेला इंद्रभान, म्हणतोय, "पी माय, पी."

ती तशीच पुंजाजीबाबाकडे गेली.

पुंजाजीबाबा म्हणजे पुऱ्याचा कणा. विहाराचं टिनाचं छप्पर त्यानं स्वतः खांद्यावर वाहून आणलेलं. छप्पन साली घराघरातले देव गोळा करून पोत्यात भरले ते त्यानं, आणि पोतं नदीच्या डोहात बुडवलं तेही त्यानंच. 'त्या दिवशी पाठीवरचं ओझं बुडालं,' असं तो सांगायचा. बावीस प्रतिज्ञा त्याला अशा पाठ होत्या की झोपेत कूस बदलली तरी एखादी तोंडातून निघायची.

"मसोबा हाय का मरीमाय हाय, ते नाई दिसलं," भागिरथाबाईनं सांगितलं. "पण पाणी घालून राह्यला ना बाबा. रोज. अन् आपल्याले म्हन्ते शिवू नको."

पुंजाजीबाबाचा चेहरा दगडासारखा झाला. "पोतं म्या मोजून बुडवलं होतं," तो म्हणाला. "याच्या बापानं एखादा मागं ठेवला असन."

इकडे इंद्रभानच्या घरी मोठं सुख चाललं होतं. त्या उन्हाळ्यात भाजी कोणाच्या नजरेस पडत नव्हती. लोक मटकी भिजवून फडक्यात बांधत, पण फडकं घटकाभरात पापडासारखं वाळायचं आणि मटकीला मोड काही येत नसे. वच्छलाच्या ताटात मात्र दर दोन दिवसांनी उसळ. मोड कसे? लांब, पांढरे, टपोरे.

"तुझ्या हाताले गुण हाय वच्छला," इंद्रभान बोटं चाटत म्हणायचा.

"हो, हाय," वच्छला म्हणायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची.

पेटीतून हल्ली एक कच्चा, हिरवा वास येतो हे त्याला जाणवलं होतं. लाकूड ताजं राहिल्याची ती खूण, असं त्यानं ठरवून टाकलं.

पौर्णिमा चार दिवसांवर आली. त्या दिवशी बाजार, म्हणून खडीचं काम बंद. ऊन डोक्यावर आलं तसा पुरा इंद्रभानच्या अंगणात जमला. पुढे पुंजाजीबाबा, बाजूला भागिरथाबाई, आणि थोडा मागे भिवाजी. भिवाजी पुऱ्याच्या गाण्याच्या पार्टीत हार्मोनियम वाजवायचा. गिटार आल्यापासून त्याला नीट झोप लागली नव्हती, म्हणून तो आवर्जून आला होता.

"इंद्रभान, पेटी बाहेर आण," पुंजाजीबाबा म्हणाला.

इंद्रभाननं पेटी आणली, दोन्ही हातांवर, लेकरासारखी. गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"उघड."

"आत्ता? आत्ता नाई बाबा. दिवस बुडू द्या."

"काहून?"

"ऊन लागते."

"कोनाले?"

"तिले."

"तिले!" भागिरथाबाईनं टाळी वाजवली. "आयकलं ना? देवी हाय! बाप्या देव असता तर त्याले म्हन्ला असता!"

"अवो माय, गिटार हाय ते! लाकूड! कोरडी हवा लागली का फाटते!"

"मंग मह्या हार्मोनियमले काहून नाई लागत?" भिवाजीनं मागून विचारलं. "का ते खालच्या जातीचं हाय?"

लोक हसले. इंद्रभानच्या कपाळावर घाम आला. त्यानं वच्छलाकडे पाहिलं. ती तरी बाजू घेईल. पण वच्छला दारात उभी राहून भलतीच घाबरलेली दिसत होती.

"बाबा, उद्या उघडा ना," ती म्हणाली. "उद्या सकाळी. आज नाई जमत."

झालं. बायकोही सामील! अंगणात कुजबुज माजली. पुंजाजीबाबानं काठी आपटली.

"आयक इंद्रभान. आत गिटार असन तर पौर्णिमेले वाजव, मी सोता पुढं बसून आयकतो. पण आत देव निंगाला, तर त्या विहाराच्या पायरीवर तुवा पाय नाई ठेवायचा. अन् उघडलीच नाई, तरी देवच हाय असं समजीन मी. बोल."

लू सुटली होती. धूळ गरागरा फिरत होती. एका बाजूला गिटार फुटणार, दुसऱ्या बाजूला इज्जत. इंद्रभाननं मनात परेराची माफी मागितली, सुतळी सोडली आणि झाकण उचललं.

आत गिटार होती. तपकिरी, गोल, अगदी निरुपद्रवी. कोणी तरी "आँ" केलं, त्यात निराशा होती. एवढं ऊन खाऊन शेवटी बाजाच निघाला!

आणि मग भागिरथाबाईचं बोट पुढे आलं. "ते काय? ते लाल?"

गिटारीच्या मानेखालच्या कप्प्यात लाल फडक्याचं गाठोडं होतं. ओलंचिंब, गच्च बांधलेलं, मुठीएवढं. अगदी तसंच, जसे पूर्वी देव बांधून ठेवायचे.

इंद्रभाननंच पहिल्यांदा मागे उडी मारली. "हे माह्यं नाई!"

"माह्यं नाई म्हन्तो!" भागिरथाबाई किंचाळली. "देव सोताहून येऊन बसला!"

पुंजाजीबाबा खाली बसला. सतरा वर्षांपूर्वी त्यानं अशी कितीतरी गाठोडी पोत्यात टाकली होती, पण उघडून एकही पाहिलं नव्हतं. त्यानं गाठ सोडली.

मटकी होती. मोड आलेली. लांब शेपट्यांची, दाटीवाटीनं एकमेकींत गुंतलेली, सगळ्या तालुक्यात औषधालाही नसतील असे मोड.

पुंजाजीबाबानं एक दाणा तोंडात टाकला. चावला. दुसरा टाकला.

"कोनाची हाय?"

"माही," वच्छला म्हणाली. "काय करू बाबा? सगळ्या गावात ओली जागा म्हन्ली तर एवढीच. आजच्या रातीत आणखी वाढली असती. म्हनून म्हन्लं उद्या उघडा."

अंगणातलं हसू आधी एका बाईच्या पदरामागून निघालं, मग धबाधबा सगळीकडून. भिवाजी तर खाली बसला. "आपल्याले वाटलं माणूस पूजा करून राह्यला," तो पोट धरून म्हणाला, "अन् हा उसळीले गाणं शिकवून राह्यला!"

हसत नव्हता तो फक्त इंद्रभान. त्यानं गिटार उचलून उलटी केली होती. पाठीची फळी कडेनं बोटभर उघडली होती, आतला सरस पाघळून शेंबडासारखा लोंबत होता, आणि उघड्या फटीत पांढरी बुरशी आली होती. गोणपाटाचं पाणी झाकणाच्या सांधीतून इतके दिवस आत जात होतं. ज्याला तो ताज्या लाकडाचा वास समजत होता, त्यात अर्धी मटकी होती आणि अर्धी कुजकी गिटार.

तो मटकन बसला. "प्यास बुझाने का म्हन्ला होता," तो पुटपुटला. "नहलाने का नाई म्हन्ला होता."

हसू थांबलं. वच्छला पुढे येऊन त्याच्याजवळ बसली.

पुंजाजीबाबानं वाकून ती फट पाहिली, बोट घालून पाहिलं, बोटाचा वास घेतला. मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"भागिरथा, याच्यावर आळ काय होता?"

"का यानं देव ठेवला."

"देव ठेवणारा मानूस त्याले जपते. यानं तर बुडवली." बाबाच्या सुरकुत्यांमध्ये कुठेतरी हसू हललं. "आपुन देव बुडवले, यानं गिटार बुडवली. बुडवणारा मानूस आपलाच हाय. आळ खोटा."

लोकांनी माना डोलावल्या. न्याय पटण्यासारखा होता.

"पण दुसरा आळ खरा हाय," बाबा म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता. "तू या बाईले शिवू नको म्हन्ला का नाई?"

इंद्रभाननं मान खाली घातली. "म्हन्लो."

"काहून म्हन्ला ते मले नाई आयकाचं. विहिरीवरचा बी काहून ते सांगतेच. या पुऱ्यात तो शब्द निंगाला, आता त्याचा दंड. पुऱ्यातला एकूण एक मानूस या गिटारीले हात लावन. लहान, मोठा, बाया, पोट्टे. अन् तुवा धरून उभं राह्याचं."

"हात धुऊन ना बाबा?"

"पाणी कुठं हाय लेका? तुवा तर गिटारीले पाजलं."

आणि मग बोरखेडीच्या बौद्धपुऱ्यात, भर उन्हात, रांग लागली. विहिरीवर लागायची तशीच, पण या रांगेला वरून ओतणारं कोणी नव्हतं. खडी फोडून भेगाळलेले हात, चुलीच्या राखेचे हात, शेंबूड पुसलेले हात, तंबाखू मळलेले हात. प्रत्येक हाताबरोबर इंद्रभान डोळे मिटायचा. प्रत्येक जण थांबून एकदा तार छेडायचा, आणि ती भिजलेली गिटार 'भद्द' असं म्हणायची. भागिरथाबाई शेवटी आली. तिनं पूर्ण तळवा लाकडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "गार हाय वं बाई. मीच आत झोपली असती."

रांग संपल्यावर भिवाजी पुढे आला. "आण इकडं," तो घुश्श्यातच म्हणाला. "भात्याले लावाचा सरस हाय माह्याजवळ. वाळू दे आधी सावलीत. मंग चिकटवू, वरून जात्याची पाळू ठेवू."

"तू? तुले तर ते डोळ्यासमोर नको होती."

"तुही गिटार नाई वाजली तर मी काय भिताडासंग मुकाबला करू?"

वच्छलानं आढ्याची गळती काढली. मडक्याचं भोक बुजवून त्यात पाणी प्यायला भरून ठेवलं आणि वरून कोणाला ओतू दिलं नाही, ज्याला लागेल त्यानं स्वतः बुडवून घ्यायचं.

पेटी मात्र रिकामी राहिली नाही. गिटार जात्याच्या दगडी पाळूखाली दडपलेली होती तेवढ्यात भागिरथाबाई मटकीचं गाठोडं घेऊन आली. तिच्यामागून आणखी दोघी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी साबणदाणीच्या भोवती पुऱ्यातली चौदा गाठोडी दाटीनं बसली होती. पुंजाजीबाबानं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं आणि म्हणाला, "छप्पन साली देव असे एका जागी जमवले होते."

वैशाखी पौर्णिमेला चंद्र विहाराच्या टिनावर चढला तेव्हा सगळा पुरा मोडाची उसळ खाऊन बसला होता. पुंजाजीबाबा कबूल केल्याप्रमाणे पुढे. गावातलेही दोघंचौघं रस्त्याच्या पलीकडे, अंधारात, सहज आल्यासारखे उभे होते. वराती वाजवायला डफडं मागणारे तेच. इंद्रभाननं गिटार मांडीवर घेतली. पाठीवर सरसाचा जाड ओघळ होता आणि पुढच्या लाकडावर सगळ्या पुऱ्याच्या तळव्यांचे काळसर डाग, पुसूनही न गेलेले. त्यानं तार छेडली.

आवाज घोगरा होता, सर्दी झालेल्या माणसाचा. पण आवाज होता. भिवाजीनं हार्मोनियमवर सूर धरला, इंद्रभाननं गाणं उचललं, आणि दुसऱ्या कडव्यापासून गिटारीतून आणखी एक आवाज यायला लागला. खुळखुळ, खुळखुळ. हात वर गेला की खुळ, खाली आला की खुळ, अगदी तालात.

भिवाजी भाता ओढता ओढता कानाशी वाकला. "हे काय रे? हे मले नाई शिकवलं!"

इंद्रभान गाता गाता थबकला नाही. गिटारीच्या आत, तिच्या भोकातून कधीतरी सांडलेले मटकीचे चार दाणे वाळून टणक झाले होते. रस्त्यापलीकडची माणसं मान पुढे काढून, कसला बाजा आहे ते समजून घ्यायला धडपडत होती. त्यांना कोणीही काही सांगितलं नाही.

"वाजव," तो भिवाजीला म्हणाला, आणि हात आणखी जोरात हलवला.